सोळा सर्कल

विदर्भातल्या खेड्यात कुणी "तुमचं सर्कल कोणतं?" असं विचारलं, तर तो माणूस बहुधा निवडणुकीबद्दल बोलत असतो. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला जिल्हा परिषदेचा गट म्हणतात, त्याला नागपूरकडे सर्कल म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात त्याचं नाव आहे 'निवडणूक विभाग', पण ते नाव पुस्तकाबाहेर कुणी फारसं उच्चारत नाही. एका सर्कलमध्ये दोन गण. सर्कलचा सदस्य जिल्हा परिषदेत जातो, गणाचा पंचायत समितीत. म्हणून मतदानाच्या दिवशी प्रत्येक मतदाराला दोन बटणं दाबावी लागतात, एक जिल्ह्यासाठी आणि एक तालुक्यासाठी.

या प्रकरणात नागपूर जिल्हा परिषदेची गोष्ट सांगायची आहे. ५८ सर्कलची निवडणूक ७ जानेवारी २०२० रोजी झाली. त्यांतल्या १६ सर्कलमधल्या लोकांना २१ महिन्यांनी, ५ ऑक्टोबर २०२१ रोजी, त्याच खुर्चीसाठी पुन्हा मत द्यावं लागलं. मधल्या काळात कुणी राजीनामा दिला नव्हता, सभागृह बरखास्त झालं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने त्या सोळा जागा रिकाम्या केल्या होत्या. जिल्हा परिषदेचा निकाल म्हणजे गुलाल आणि कोणाचे किती आले याची बेरीज, एवढीच आपली समजूत असते. नागपूरची ही दोन मतदानं शेजारी ठेवून पाहिली की लक्षात येतं, निकालाचा मोठा भाग मतदानाच्या कितीतरी आधी लिहिला जातो. कुठल्या गावाची जागा कुणासाठी राखीव, हे ठरतं तेव्हा.

आधी ही संस्था काय आहे ते पाहू. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली देशभर त्रिस्तरीय पंचायत राज सुचवलं. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा इथे तीन वेगवेगळ्या परंपरा होत्या. मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांत लोकल बोर्डं होती. मराठवाड्यात निजामी राजवटीपासूनची जिल्हा मंडळं होती. विदर्भात जुन्या मध्य प्रांताच्या १९४८च्या कायद्याने तालुका पातळीवर जनपद सभा चालत होत्या. या सगळ्यांना एका साच्यात आणायचं काम वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केलं. समितीने १९६१ साली अहवाल दिला, त्याच वर्षी महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात २५ जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आज त्या ३४ आहेत.

नाईक समितीने घेतलेला एक निर्णय मला अजूनही धाडसाचा वाटतो. जिल्हाधिकाऱ्याला तिने या रचनेच्या बाहेर ठेवलं आणि आमदार-खासदारांनाही सभागृहात जागा दिली नाही. विकासाची कामं जिल्ह्यातून निवडून आलेल्या माणसांच्या हाती आणि त्यांच्या हाताखाली स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी, ज्याला गावात सगळे 'सीईओ साहेब' म्हणतात, अशी ती मांडणी होती. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, जनावरांचे दवाखाने, अंगणवाड्या, गावरस्ते, पाणीपुरवठा, लहान तलाव हे सगळं तिथून चालतं. जिल्हा परिषदेला लोक 'मिनी मंत्रालय' म्हणतात आणि तिच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा असतो. अनेक मोठे नेते याच पायरीवरून वर गेले. आर. आर. पाटील १९७९ साली सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेत आले होते. अनिल देशमुख मंत्री होण्याआधी नागपूर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते, आणि चंद्रशेखर बावनकुळे याच परिषदेचे सदस्य.

पुढे ७३वी घटनादुरुस्ती झाली. ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. तिने तीन गोष्टी पक्क्या केल्या. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. ती घेण्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग असेल. अनुसूचित जाती आणि जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. मागासवर्गीय नागरिकांच्या (ओबीसींच्या) आरक्षणाबाबत मात्र घटनेने सक्ती केली नाही, राज्यांना मुभा दिली. महाराष्ट्राने ती वापरून २७ टक्के जागा ठेवल्या. हा २७चा आकडा कायद्यात सरळ लिहिलेला होता. कुठल्या जिल्ह्यात हा समाज किती आहे, हे मोजून तो आलेला नव्हता. पुढची सगळी गुंतागुंत इथून निघाली.

निवडणुकीचं पहिलं काम म्हणजे नकाशा. २०११च्या जनगणनेवरून सर्कलच्या सीमा आखतात. कायद्याने सभागृहात कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ७५ सदस्य असू शकतात. नागपूरचे ५८ झाले. शहराच्या कडेची वाडी, वानाडोंगरी यांसारखी गावं नगरपरिषदा झाली की ती ग्रामीण हद्दीतून निघून जातात आणि उरलेल्या गावांची जुळणी पुन्हा करावी लागते. एखादं गाव या सर्कलमधून त्या सर्कलमध्ये गेलं की पाच वर्षं तिथे राबलेल्या कार्यकर्त्याचा पायाच सरकतो.

मग सोडत. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लागतात, बाकीच्या चिठ्ठ्यांनी. जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृह भरतं, पारदर्शक बरणीत चिठ्ठ्या टाकतात आणि शाळकरी मुलाच्या हातून त्या काढतात. त्या मुलाच्या हातातला कागद उघडेपर्यंत सभागृहात जी शांतता असते, ती मतमोजणीच्या दिवशीही नसते. 'सर्वसाधारण स्त्री' निघालं की पुरुष उमेदवार घरी फोन लावतात. 'अनुसूचित जमाती' निघालं की एखाद्या पाड्यावरच्या माणसाला पहिल्यांदा पक्षाच्या कार्यालयातून बोलावणं येतं. या बरणीनेच हजारो माणसांना, विशेषतः बायकांना, अशा खुर्चीवर नेऊन बसवलं आहे जी त्यांना दुसऱ्या कुठल्याही वाटेने मिळाली नसती. सोडत ही लोकशाहीतली किरकोळ गोष्ट समजणाऱ्यांनी एकदा तरी तिथे जाऊन बसावं.

नागपूरच्या ५८ जागांपैकी १० अनुसूचित जातींना, ७ अनुसूचित जमातींना आणि २७ टक्क्यांच्या हिशेबाने १६ मागासवर्गीय नागरिकांना गेल्या. बेरीज ३३. अठ्ठावन्नचे निम्मे २९. म्हणजे आरक्षण निम्म्याच्या चार जागा पुढे गेलं.

याआधीची निवडणूक २०१२ साली झाली होती. त्या सभागृहाची मुदत २०१७ मध्ये संपली, पण आरक्षणाचे आणि हद्दींचे वाद कोर्टात असल्याने निवडणूक लांबत गेली. राज्यातल्या २५ जिल्हा परिषदांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान केलं. नागपूर मागे राहिलं. जुनंच सभागृह मुदतीनंतरही २०१९च्या उन्हाळ्यापर्यंत चाललं, नंतर प्रशासक आला. पाच वर्षांची संस्था आठ वर्षांनी मतदारासमोर आली.

एव्हाना हवा बदलली होती. २०१४च्या विधानसभेत नागपूर ग्रामीणच्या सहापैकी पाच जागा भाजपकडे होत्या, सुनील केदारांचं सावनेर तेवढं काँग्रेसकडे. ऑक्टोबर २०१९ मध्ये भाजपकडे हिंगणा आणि कामठी एवढ्या दोनच राहिल्या. काटोल राष्ट्रवादीने घेतलं, उमरेड काँग्रेसने, रामटेक अपक्षाने. कामठीत बावनकुळेंना पक्षाने उमेदवारी नाकारली, त्याची नाराजी गावोगाव होती. नोव्हेंबरअखेर मुंबईत शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या महाविकास आघाडीचं सरकार आलं, तेव्हाच जिल्ह्यातले नितीन राऊत मंत्री झाले, ३० डिसेंबरला केदार आणि देशमुखही मंत्री झाले, आणि आठ दिवसांनी सर्कलचं मतदान झालं. मुंबईत तिन्ही पक्ष एकत्र असले तरी नागपुरात काँग्रेस-राष्ट्रवादीने जागा वाटून घेतल्या आणि शिवसेना वेगळी लढली.

८ जानेवारीला मतमोजणी झाली. काँग्रेस ३०, भाजप १५, राष्ट्रवादी १०, शिवसेना, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) आणि अपक्ष प्रत्येकी एक. काँग्रेसचे तीस म्हणजे काठावरचं का होईना, स्वतःचं बहुमत. बातम्यांत मात्र गाजली ती दोन गावं. नितीन गडकरींचं मूळ गाव धापेवाडा आणि बावनकुळेंचं कोराडी, दोन्ही सर्कलमध्ये काँग्रेस जिंकली. मथळे त्यावरच झाले. मला या मथळ्यांतून फार काही कळतं असं वाटत नाही. मोठ्या नेत्याच्या गावचा मतदार त्या नेत्याला मत देत नसतो. तो आपल्या शाळेच्या गळक्या छपरासाठी, नळयोजनेसाठी, समोर उभ्या असलेल्या माणसाला मत देत असतो. नागपूरच्या निकालात सत्तापालटाची हवा होती, सात वर्षं एकाच हाती राहिलेल्या कारभाराचा कंटाळा होता आणि सोयाबीन-कपाशीच्या त्या खरिपात परतीच्या पावसाने केलेली नासाडी ताजी होती. यांतल्या कशाचा वाटा किती, हे कुणी मोजून सांगू शकत नाही.

त्याच दिवशी इतर पाच जिल्ह्यांचेही निकाल लागले. धुळ्यात भाजपला ५६ पैकी ३९. नंदुरबारमध्ये काँग्रेस २३, भाजपही २३, शिवसेना ७, राष्ट्रवादी ३. एका पक्षाला सगळीकडे एकच कौल मिळतो हा समज पुसायला हे एवढं पुरे.

नागपुरात रश्मी बर्वे अध्यक्ष झाल्या, मनोहर कुंभारे उपाध्यक्ष. दोघेही काँग्रेसचे. दोन महिन्यांत कोरोना आला आणि आरोग्य केंद्रं, आशा ताई, शाळांच्या रिकाम्या खोल्यांतलं विलगीकरण हे सगळं जिल्हा परिषदेच्याच पदरात पडलं.

आता कोर्टाकडे वळू. निवडणूक जाहीर होण्याआधीपासून याचिका चालू होत्या. आरक्षण निम्म्याच्या पुढे गेलं आहे, ही तक्रार. निवडणूक घ्या, पण निकाल आमच्या निर्णयाच्या अधीन राहील, अशी मुभा मिळाली होती. ४ मार्च २०२१ रोजी 'विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठाने निकाल दिला. त्यात नवं तत्त्व फारसं नव्हतं, हेच त्यातलं मनाला लागणारं आहे. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'कृष्णमूर्ती' प्रकरणात २०१० सालीच सांगितलं होतं की स्थानिक संस्थांतलं मागासपण हे नोकरी-शिक्षणातल्या मागासपणापेक्षा वेगळं आहे, ते वेगळं तपासा. गवळी निकालाने त्याच्या तीन पायऱ्या स्पष्ट केल्या. एक, समर्पित आयोग नेमून माहिती गोळा करा. दोन, प्रत्येक संस्थेसाठी किती टक्के हवेत ते त्या माहितीवरून ठरवा. तीन, सगळं मिळून निम्म्यापुढे जाऊ नका.

२०१० ते २०२१ या अकरा वर्षांत राज्यात दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली. आयोग नेमून गावोगावची माहिती गोळा करणं कुणीही केलं नाही. २७ टक्के हा आकडा सगळ्यांना सोयीचा होता, कारण तो कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. मागासवर्गीय समाजाच्या प्रतिनिधित्वाबद्दल ज्यांना खरोखर कळकळ होती, त्यांनीच आधी ही मोजणी मागायला हवी होती. ती न झाल्याची किंमत शेवटी त्याच समाजाने मोजली.

नागपूरच्या निम्म्याच्या मर्यादेत १२ जागा बसत होत्या, वरच्या फक्त चार जास्त होत्या. तरी गेल्या सोळाच्या सोळा. माहितीच नसल्यामुळे कुठल्या बारा ठेवायच्या हा प्रश्न उद्भवलाच नाही. सहा जिल्ह्यांत मिळून जिल्हा परिषदेच्या ८५ आणि पंचायत समित्यांच्या १४४ जागा रिकाम्या झाल्या. नागपूरच्या वाट्याला १६ आणि ३१. नंदुरबारमध्ये अनुसूचित जमातीची लोकसंख्याच जवळजवळ सत्तर टक्के, त्यामुळे निम्म्याची रेघ तिथे कशी लावायची हा निराळाच पेच.

तारखेकडे पुन्हा एकदा पाहा. मार्च २०२१. दुसऱ्या लाटेत राज्यातल्या सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत नागपूर होतं. खाटा, प्राणवायू, लस, गावातली भीती, हे सगळं चालू असताना सोळा सर्कलमधल्या लोकांना फोन करायला जिल्हा परिषदेचा सदस्य नव्हता. पोटनिवडणूक आधी जुलैला लागली, साथीमुळे थांबली आणि ऑक्टोबरला झाली. त्या सात महिन्यांत सभागृह ४२ जणांचं होतं. काँग्रेसचे सात गेले, उरले तेवीस. राष्ट्रवादीचे चार गेले, भाजपचे चार, शेकापचा एकमेव सदस्यही. बेचाळीसमध्ये तेवीस म्हणजे सत्ता शाबूत होती, पण उपाध्यक्ष कुंभारेच या सोळांत होते.

५ ऑक्टोबरचं मतदान आरक्षण काढून झालं. सोळाही जागा सर्वसाधारण, त्यांतल्या निम्म्या स्त्रियांसाठी. निकाल असा: काँग्रेस ९, भाजप ३, राष्ट्रवादी २, शेकाप १, गोंडवाना गणतंत्र पक्ष १. सभागृहाची नवी बेरीज काँग्रेस ३२, भाजप १४, राष्ट्रवादी ८, बाकी चौघे एकेक. म्हणजे सत्तेत काही बदललं नाही. जवळजवळ सर्वच पक्षांनी आधी जाहीर केलं होतं की आम्ही या जागांवर मागासवर्गीय उमेदवारच देऊ. केळवद सर्कलमधून मनोहर कुंभारे यांच्या पत्नी सुमित्रा कुंभारे उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि उपाध्यक्ष झाल्या.

यावरून काही जण म्हणाले, आरक्षण गेलं तरी काय बिघडलं? हा निष्कर्ष मला मान्य नाही. नागपूर जिल्ह्यात तेली, कुणबी, माळी, कोष्टी या समाजांची संख्या आणि ताकद मोठी आहे, तिथे पक्षांना त्यांना डावलून चालत नाही. पण मागासवर्गीय नागरिकांच्या यादीत शेकडो जाती आहेत. पंधरा-वीस घरांच्या वस्तीचा, भटका किंवा बारा बलुतेदारांतला माणूस खुल्या जागेवर पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कसा मिळवणार? ती माणसं पोटनिवडणुकीच्या बेरजेत दिसत नाहीत, कारण ती उमेदवारीपर्यंत पोचलेलीच नसतात. मोजणी हवी होती ती नेमकी यांच्यासाठी.

पुढचं थोडक्यात. राज्याने २७ टक्क्यांसाठी वटहुकूम काढला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये त्याला स्थगिती दिली. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि प्रशासक बसले. जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली समर्पित आयोग झाला, त्याचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने स्वीकारला, पण त्यानंतरही प्रभागरचना आणि हद्दींच्या याचिकांत निवडणुका अडकून राहिल्या. नागपूरचं सभागृह मात्र चालू होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे मुक्ता कोकड्डे अध्यक्ष झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये त्याही सभागृहाची मुदत संपली. त्या वेळी राज्यातल्या ३४ पैकी ३२ जिल्हा परिषदांत एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. भंडारा आणि गोंदिया एवढे दोनच अपवाद. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं, आणि बांठिया अहवालाआधी जे आरक्षण होतं तेच धरा असंही सांगितलं.

प्रशासक म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारीच. एरवी तो प्रस्ताव मांडतो, विषय समिती तो तपासते, स्थायी समितीत आणि सर्वसाधारण सभेत सदस्य उभे राहून विचारतात: आमच्या सर्कलचा रस्ता यादीतून का वगळला, आरोग्य केंद्रात डॉक्टर किती दिवसांपासून नाही, दोन शिक्षकांच्या शाळेत एकच का? उत्तर नोंदवावं लागतं. अधिकारी चांगला असला तरी प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असतो. त्याच्यासमोर केळवदचा, धापेवाड्याचा, कोराडीचा माणूस बसलेला नसतो. अंदाजपत्रक त्या काळातही मंजूर होतं, आणि गावातल्या माणसाला ते मंजूर झाल्याचं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळतं.